ई पाण्यात, दोरीत आणि व्याजात : वाचनालयातल्या मांडणीच्या नोंदी

९ जून

३१ जुलैला दा. ध. कोसंबींची जयंती. गोव्यातल्या कोसबें गावी १९०७ साली जन्मलेला हा माणूस बहुतेकांना इतिहासकार म्हणून ठाऊक, पण मूळ पेशा गणिताचा. म्हणून डिचोलीकडच्या आमच्या वाचनालयात त्या आठवड्यात गणिताचं काहीतरी मांडायची प्रथा आहे. गेल्या वर्षी पाय झाला (वर्तुळवाला), यंदा ई (२.७१८ वाला).

मास्तर निवृत्त झालेत, बारावीला गणित शिकवायचे. म्हणाले, "दोन पॉइंट सात एक आठ सगळ्या पोरांना पाठ आहे. तो आकडा उगवतो कुठून, ते हाताला लागेल असं काहीतरी कर." हे मला सांगायचं कारण असं की मी खाणीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो, आणि २०१२ साली खाणी बंद पडल्यापासून गावात जे काही मोडतं ते माझ्याकडे येतं. वाचनालयाने ३,००० रुपये मंजूर केले.

मास्तरांनी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन रेघा काढल्या, एक सरळ उतरती आणि एक वाकलेली. समजा एखादी गोष्ट कमी होतेय. सुरुवातीच्या वेगानेच कमी होत राहिली असती तर अमुक वेळात संपली असती. पण तिचा वेग ती जितकी उरली असेल तितक्याच प्रमाणात राहत असेल, तर त्याच वेळात ती संपत नाही, ३६.८ टक्के उरते. हे ३६.८ टक्के म्हणजे १ भागिले ई. वाढणाऱ्या गोष्टीचं उलट: सरळ वाढीने जितक्या वेळात दुप्पट झाली असती, तितक्याच वेळात ती २.७१८ पट होते.

टेबलावर जे येईल त्याने एवढंच दाखवायचं. ते पान मी वर्कशॉपच्या भिंतीला चिकटवलं. ज्यांना आपल्या शाळेत असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी पुढचं लिहून ठेवतोय.

११ जून

सोप्यापासून सुरुवात. व्याजाचा फळा. हा प्रश्न याकोब बर्नुलीने १६८३ साली घेतला होता: एक रुपया, वर्षाला १०० टक्के व्याज. वर्षाच्या शेवटी एकदाच व्याज दिलं तर २ रुपये. सहामाही जोडलं तर २.२५. तिमाही २.४४१४, दरमहा २.६१३०, रोज २.७१४६, तासातासाला २.७१८१. हप्ते कितीही बारीक करा, २.७१८२८ च्या पुढे जात नाही.

बाईंनी (वाचनालय त्या बघतात) फळा बघून विचारलं, "पण अडतं का तिथेच?" मला सांगता येईना. मास्तरांनी हिशेबाच्या वहीसारखं मांडून दिलं. व्याज क्षणाक्षणाला जोडलं जातंय असं धरा आणि कोणाचं व्याज किती ते वेगळं लिहा:

मुद्दल: १
मुद्दलावरचं व्याज: १
त्या व्याजावरचं व्याज: ०.५
त्याच्यावरचं: ०.१६६६६६७
त्याच्यावरचं: ०.०४१६६६७
पुढे ०.००८३३३३, ०.००१३८८९, ०.०००१९८४, ०.००००२४८, ०.०००००२८

बेरीज २.७१८२८१६. प्रत्येक ओळ वरच्या ओळीला २ ने, मग ३ ने, मग ४ ने भागून मिळते, कारण व्याजावरच्या व्याजाला वाढायला दर पायरीला उसंत कमी मिळते. ओळी इतक्या झपाट्याने बारीक होतात की बेरीज अडणारच. मला ई चा अर्थ पहिल्यांदा या वहीत दिसला. म्हणून फळ्यावर हप्त्यांचा तक्ता छोटा केला आणि ही वही मोठी लिहिली.

खाली एक ओळ बँकेतल्या ठेवीची घातली, लोक तिथेच थांबतात म्हणून. ७ टक्के, तिमाही चक्रवाढ, १ लाखावर वर्षाला ७,१८६ रुपये. क्षणाक्षणाला जोडलं तरी ७,२५१. सगळ्या अनंताची किंमत ६५ रुपये! आणि दुसरी ओळ: १०० भागिले ७ म्हणजे साधारण १४ वर्षं ३ महिने. सरळव्याजाने तेवढ्यात पैसे दुप्पट होतात, तिमाही चक्रवाढीने २.६९५ पट. ई जवळपास तिथेच बसलेला आहे, पासबुकात कोणी बघत नाही इतकंच.

१४ जून

कपॅसिटर. हा माझ्या घरचा विषय, म्हणून पटकन उरकेल वाटलं. १० मायक्रोफॅरड आणि १० मेगओहम लावले, म्हणजे व्होल्टेज ३६.८ टक्क्यांवर यायला १०० सेकंद लागायला हवेत. लागले जेमतेम ५०. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहमच असतो, तो शेजारी लागला की रोध निम्मा. १,००० मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम घातल्यावर मीटरचा फरक पडेनासा झाला. ९ व्होल्टची बॅटरी काढल्यावर ३.३१ व्होल्टला यायला ११२ सेकंद लागले. १०० का नाही, तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेला आकडा २० टक्के इकडेतिकडे असतो. दोन्ही मिळून खर्च ६० रुपये.

चालतं, पण पोरांना यात दिसणार काय? मीटरवर आकडे उतरतात. टेबलाच्या कोपऱ्यात ठेवणार. पाणी हवं.

१९ जून

दोन लिटरची थंड पेयाची बाटली, तळाशी तापवलेल्या खिळ्याने भोक, बाजूला पट्टी. मिनिटामिनिटाला उंची: २०, १४.४, ९.८, ६.०, ३.२, १.२ सेंटीमीटर. मग बाटली रिकामी.

ई असता तर दर मिनिटाला पाणी त्याच पटीत उतरायला हवं होतं. इथे पट ०.७२, ०.६८, ०.६१, ०.५३, ०.३८ अशी घसरत गेली. भोक झिजलं असेल म्हणून नवी बाटली घेतली, तेच. शेवटी मास्तरांना फोन. ते म्हणाले, उंचीची वर्गमुळं काढ. काढली: ४.४७, ३.७९, ३.१३, २.४५, १.७९, १.१०. दर मिनिटाला जवळपास ०.६७ ची समान उतरण. टोरिचेलीचा नियम. साध्या भोकातून पाण्याचा वेग उंचीच्या प्रमाणात नसतो, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सुरुवातीच्या वेगाने जितक्या वेळात संपली असती तितक्या वेळात या बाटलीत २५ टक्के उरतात, आणि बरोबर दुप्पट वेळात ती संपते.

"पाणी गळतं" म्हणजे ई, असं धरून चालणाऱ्यांनी ही बाटली आधी करून बघावी. मी ती फेकली नाही, टेबलावर ठेवणार आहे.

२४ जून

आज सांजांव (सेंट जॉनचा सण, विहिरीत उड्या मारायचा). पोरं विहिरीवर, त्यामुळे पट्टी धरायला कोणी नाही. पण नळीचा प्रश्न सुटला.

वेग उंचीच्या थेट प्रमाणात हवा असेल तर पाणी बारीक, लांब नळीतून संथ जायला हवं, म्हणजे सगळा अडथळा नळीच्या आतल्या घर्षणाचा. फिश टँकची हवेची नळी फार मोठी पडली, दोन मिनिटांत सगळं खाली. सलाइनची नळीही मोठीच. मिळाली ती औषधाच्या दुकानात: तान्ह्या बाळांना नाकावाटे दूध देतात ती फीडिंग ट्यूब, ८ नंबरची. ४५ रुपयाला एक. लांबी कमी पडते, दोन जोडून घ्या. पुढे वाया जाणार हे धरून सहा आणल्या, २७० रुपये.

उभं भांडं म्हणून ४० मिलिमीटरचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पाइप म्हापशाच्या साइनबोर्डवाल्याकडून. १,०५० रुपये, या सगळ्यातला सगळ्यात महाग माल. दोन तुकडे करून आणले, एक पुढे लागेल असं वाटलं म्हणून.

२८ जून

पाण्याला रंग म्हणून घरचं कोकम घातलं. दिसायला झकास. दुसऱ्या दिवशी नळी बंद. कोकमाचा चोथा गाळून गेला तरी बारीक तंतू राहतातच, आणि या भोकात तेवढे पुरतात. नळी कापून बघितली तर तोंडाशी गुलाबी कापसासारखा बोळा. फाउंटन पेनची शाई वापरा, तीही फडक्यातून गाळून.

शाईने चालू केलं. पहिल्या दहा मिनिटांत पट बरोबर, पुढे बिघडायला लागली, पाणी अपेक्षेपेक्षा लवकर उतरायला लागलं. नळीचं टोक टेबलावरून खाली बादलीत सोडलं होतं आणि पट्टीचं शून्य पाइपाच्या तळाशी. पाण्याला ढकलणारी उंची मोजायची ती नळीच्या बाहेरच्या टोकापासून. पाइपाच्या तळाचा त्यात काही संबंध नाही. टोक वर घेऊन बरोबर शून्याच्या रेघेशी आणून बांधलं. नळी टेबलावर आडवी पडलेली, टोक शून्याला. हे केल्याशिवाय पुढचं काहीही जुळणार नाही.

३ जुलै

आता उलटं दुखणं. वरचा भाग बरोबर, पण पाणी दीडदोन सेंटीमीटरवर आलं की थांबतं. धार तुटून थेंब सुरू झाले की नळीच्या टोकाशी प्रत्येक थेंब लटकून बसतो, आणि बारीक भोकाला तो थेंब ढकलायला तेवढी उंची लागते. पृष्ठताण.

उपाय स्वस्त. स्टीलची वाटी शून्याच्या रेघेपर्यंत काठोकाठ भरून ठेवली, नळीचं टोक तिच्यात बुडवलं. वाटीतून ओघळेल ते खालच्या परातीत. थेंबच नाही, तर लटकणार कोण?

आजच्या उंच्या, पाच पाच मिनिटांनी: ३०, २१.६, १५.४, ११.१, ७.९. पट ०.७२, ०.७१, ०.७२, ०.७१. बाईंनी हे आकडे वाचून दाखवायला लावले, दोनदा.

८ जुलै

उंच्या जुळल्या पण ई कुठे दिसतो? ३० चे १५ मिनिटांत ११ झाले, हे आलेखावर कळतं. मास्तरांच्या पानावर रेघा दोन आहेत, माझ्याकडे एकच. दुसरी, सरळ उतरणारी रेघ, पाण्यातच दाखवली तर शर्यत होईल: एक पाइप सुरुवातीच्या वेगानेच रिकामा होत जाणारा, दुसरा मोकळा. दोन्ही एकदम सोडायचे. पहिला संपला की दुसऱ्यात काय उरलं ते बघायचं.

वेग कायम ठेवायची युक्ती जुनी आहे, मारियॉटची. पाइपाचं वरचं तोंड बुचाने हवाबंद करायचं आणि बुचातून काचेची एक नळी तळापर्यंत सोडायची. आत हवा फक्त त्या नळीच्या खालच्या टोकातून येते, त्यामुळे पाण्याची पातळी कितीही उतरली तरी ढकलणारी उंची त्या टोकापासूनच धरली जाते. म्हणून हा पाइप ३० सेंटीमीटर वर उचलून बांधायचा. हवेच्या नळीचं टोक बाहेरच्या शून्यापासून बरोबर ३० वर. मोकळ्या पाइपाला सुरुवातीला ३० ची उंची मिळते, याला शेवटपर्यंत ३० चीच.

फळीवर खिळे ठोकून दोन्ही बांधले. मिनिटाला दोन सेंटीमीटर उतरला पाहिजे.

१२ जुलै

तीन भानगडी, एकामागून एक.

बूच. फेणीच्या काचेच्या बुधल्याचं कॉर्क बसवलं होतं. कॉर्क श्वास घेतं. वेग हळूहळू पडत गेला आणि हवेच्या नळीतून बुडबुडेच येईनात. बुडबुडे येत नसतील तर वरून हवा शिरतेय असं समजा. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातलं रबरी बूच (दोन मिळून ९० रुपये) आणि भोवती एम-सील. एम-सील आणि सिलिकॉनचे आणखी १८० गेले.

काचेची नळी. ती मारियॉटच्या पाइपातली थोडी जागा खाते, मोकळ्या पाइपात ती नाही. म्हणजे दोन्हींचा वेग सारखा असूनही पातळी सारखी उतरत नाही. तशीच नळी दोन्ही टोकं बंद करून मोकळ्या पाइपात उभी केली.

तिसरी सगळ्यात त्रासाची. दोन्हीकडे एकाच दुकानातल्या, एकाच नंबरच्या फीडिंग ट्यूब, तरी मारियॉटचा पाइप संपला तेव्हा दुसऱ्यात ११ च्या ऐवजी १२.३ उरले. अशा संथ प्रवाहात पाणी भोकाच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात जातं. भोक २ टक्के मोठं असेल तर प्रवाह ८ टक्के जास्त. डोळ्यांनी हा फरक दिसणं शक्यच नाही. दोन्ही नळ्या आळीपाळीने एकाच पाइपाला लावून मोजल्या आणि जी हळू होती ती थोडी थोडी कापत गेलो. कापताना नख नखभरच कापा. जास्त कापली की दुसरी कापावी लागते, आणि मग दोन्ही आखूड होत बसतात.

१५ जुलै

जमलं. सकाळी पावसात, खोलीत गारवा: मारियॉटचा पाइप १५ मिनिटांत संपला, मोकळ्यात ११.१. दुपारी ऊन पडलं, पाणी तापलं, तापलेलं पाणी पातळ वाहतं: १४ मिनिटांत संपला, मोकळ्यात ११.१. मग मुद्दाम ३० ऐवजी २० सेंटीमीटरवरून सोडून बघितलं. मारियॉटचा पाइप हवेच्या नळीसकट १० सेंटीमीटर खाली आणून पुन्हा बांधणं जिकिरीचं झालं, पण केलं. उरले ७.४. वीस भागिले २.७१८ म्हणजे ७.३६.

वेळ बदलतो, उंची बदलते, नळी बदलली तर सगळंच बदलतं. सरळवाला संपताना दुसऱ्यात उरणारा हिस्सा तेवढा बदलत नाही. मास्तर आले होते. खुर्ची ओढून मोकळ्या पाइपासमोर बसले, ११ नंतर ४.१ आणि त्यानंतर दीडपर्यंत उतरेपर्यंत उठले नाहीत. चहा गार झाला. (चहा गार होतो तोही ई प्रमाणेच, पण खोलीच्या तापमानापेक्षा तो किती जास्त गरम आहे तो फरक मोजावा लागतो, आणि उघड्या कपात वाफ हिशेब बिघडवते. म्हणून तो प्रयोग घेतला नाही.)

१९ जुलै

दोरी. ही सूचना शेजारच्या काकांची. ते मांडवीवर खनिजाच्या बार्जवर खलाशी होते. म्हणाले, "धक्क्यावरच्या खुंट्याला तीन वेढे घातले की भरलेली बार्ज एका हाताने धरतो, त्यात तुझा ई नाही काय?" आहे, तोच आहे. ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ते सूत्र ओळखतात. दोरीच्या प्रत्येक इंचाला घर्षण मिळतं ते तिथल्या ताणाच्या प्रमाणात, आणि ताण मागच्या घर्षणाने वाढलेला असतो. व्याजावरचं व्याज.

आडवा लाकडी दांडा, त्यावरून दोरी, एका टोकाला १०० ग्रॅम, दुसऱ्याला बाटली. दोरी घसरेपर्यंत बाटलीत पाणी भरत जायचं.

काथ्याचा सुंभ घेतला होता. पावसाळ्यात तो ओल धरतो. सकाळचा आकडा दुपारी येत नाही. शिवाय १०० ग्रॅमला तो वाकतच नाही. नायलॉनची दोरी घेतली, ११० रुपये. मग भलतेच मोठे आकडे यायला लागले. वेढे एकमेकांवर चढले होते, दोरी स्वतःलाच आवळत होती. वेढे शेजारी शेजारी, एकमेकांना न लागता बसले पाहिजेत.

नीट बसल्यावर: दांड्यावरून नुसती टाकली (अर्धा वेढा) तर २२० ग्रॅमला घसरते. दीड वेढ्याला १.०५ किलो. अडीच वेढ्यांना ५.१ किलो. दर वेढ्याला सुमारे ४.८ पट. यावरून घर्षणाचा गुणांक ०.२५ निघतो, आणि २२९ अंशांच्या वेढ्याला ताण ई पट होतो. घर्षण सुरुवातीच्या हिशेबानेच मिळत गेलं असतं तर त्या २२९ अंशांत ताण नुसता दुप्पट झाला असता. पुन्हा मास्तरांचंच पान.

दांडा जाड असला तर? सुताराकडून एकाच सागवानाचे दोन दांडे कातून आणले, एक जाड आणि एक बारीक (५०० रुपये, घासाघीस करून). आकडे तेच. काकांना हे पटेना. त्यांच्या अनुभवात जाड खुंटा चांगला. तो दोरी तुटू नये म्हणून चांगला, पकडीसाठी नव्हे, असं मी म्हटलं. ते बघतो म्हणाले, पटलेलं दिसत नाही.

२३ जुलै

साडेतीन वेढ्यांना हिशेबाने २४ किलो. गॅसचा रिकामा सिलिंडर १५-१६ किलोचा. लटकवला, खाली गोणपाटं रचून, जमिनीपासून चार बोटं वर. दुसऱ्या टोकाला १०० ग्रॅमची पुडी. धरला.

पोरं असताना हे करणार असाल तर दांडा भिंतीत बोल्टाने बसवा. माझा टेबलाच्या क्लँपवर होता, आणि सिलिंडर धरला गेला तरी टेबल उचलायला लागलं.

२६ जुलै

लॅपटॉपवर बर्नुलीचे हप्ते वाढवत न्यायचे, ही अकरावीतल्या एका पोराची कल्पना. त्याने पायथनमध्ये दोन ओळी लिहिल्या. दहा कोटी हप्ते: २.७१८२८१७९. बरोबर. एक लाख कोटी (१ वर १२ शून्यं): २.७१८५२. हे जास्त झालं! १ वर १५ शून्यं: ३.०३५. १ वर १६ शून्यं: सरळ १.

"काका, ई संपला," तो म्हणाला.

संगणक १ आणि त्याच्या लगतची संख्या यांच्यात सुमारे ०.०००००००००००००००२२ चं अंतर ठेवतो. मधलं काही साठवता येत नाही. १५ शून्यांच्या वेळी १ मध्ये मिळवायचा बारीक तुकडा गोल होऊन ११ टक्के मोठा होतो, आणि तो ११ टक्क्यांचा लाभ तितक्या हप्त्यांत वाढून ३.०३ होतो. १६ शून्यांना तुकडाच नाहीसा होतो, १ चा कितीही वेळा गुणाकार केला तरी १. हप्ते अफाट वाढवून ई काढू नका. व्याजाच्या वहीतल्या दहा ओळींनी सहा दशांश स्थळं हातात येतात, तीही पेन्सिलीने.

तो प्रोग्राम मात्र आम्ही तसाच ठेवला, पोरं मोठमोठे आकडे घालून तो मोडतात म्हणून.

२८ जुलै

फ्लेक्स आले. दोन, प्रत्येकी ३८०. एकावर २.७१८२८१८२८ आणि शेवटच्या १८२८ वर आडवी रेघ. छापणाऱ्याला १८२८ दोनदा दिसलं, त्याने आवर्ती समजून शाळेत शिकवलेली रेघ मारून दिली, मी न विचारता. पुढचे अंक ४५९०४५, मग २३५३६०. आवर्ती नाही, ई अपरिमेय आहे हे ऑयलरने १७३७ सालीच सिद्ध केलं, आणि कुठल्याही पूर्णांकी सहगुणकांच्या बहुपदी समीकरणाचं ते उत्तर नाही, हे एर्मीटने १८७३ साली. रेघेवर पांढरा स्टिकर लावला. जवळून दिसतो.

दुसऱ्या फ्लेक्सवर नावाची हकीकत आहे: लायब्निट्स याला बी म्हणत असे, ई हे अक्षर ऑयलरच्या १७३१ च्या पत्रात आहे. ऑयलर आणि बर्नुली दोघंही बाझेलचे, पण याकोब १७०५ ला गेला आणि ऑयलर १७०७ ला जन्मला. कोसंबींचंही एक चौकटीत घातलंय. गुणसूत्रावर दोन जनुकं जवळ असतील तर त्यांची फाटाफूट अंतराच्या सरळ प्रमाणात होते. लांब असतील तर प्रमाण वाकतं आणि निम्म्यावर येऊन अडतं. हाल्डेनने १९१९ साली त्यासाठी ई चं सूत्र दिलं. एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होणं अवघड होतं, हे धरून कोसंबींनी ते सुधारलं. त्यांच्या सूत्रात ई पायाचा लॉगरिदम आहे आणि आनुवंशशास्त्रात ते त्यांच्याच नावाने चालतं. इथपर्यंत किती जण वाचतील शंका आहे, पण जयंती त्यांची आहे.

३१ जुलै

मुसळधार. तरी गर्दी झाली. सगळ्यात जास्त गर्दी सिलिंडरपाशी, सगळ्यात जास्त वेळ पाण्यापाशी. एका आजोबांनी तिन्ही पाणी एकदम सोडायला लावली, भोकाची बाटलीसुद्धा, आणि पैज लावली की मारियॉटच्या पाइपाआधी बाटली संपेल. संपली. तिची तुलना तिच्या स्वतःच्या सुरुवातीच्या वेगाशी करायची हे त्यांना सांगेपर्यंत ते पैजेचे दहा रुपये घेऊन निघून गेले होते.

दाराशी छत्र्यांचा ढीग, बहुतेक काळ्या. मास्तरांनी तिथेच वर्ग घेतला: सगळ्यांनी डोळे मिटून एकेक छत्री उचलली तर कोणालाच स्वतःची न मिळण्याची शक्यता किती? पाच माणसं असतील तर १२० पैकी ४४ प्रकार, ३६.६७ टक्के. दहा असतील तर ३६.७९. शंभर असली तरी ३६.७९. पुन्हा १ भागिले ई. सरासरीने एकाला स्वतःची छत्री मिळतेच, तरी शंभरातल्या ३७ वेळा एकालाही नाही. चिठ्ठ्या टाकून करून बघितलं, पोरांना पटलं. मला मात्र हा टेबलावर घ्यायचा नव्हता आणि अजूनही नाही. यात काही वाहत नाही, वाढत नाही. ई इथे का येतो ते हाताला लागत नाही, कागदावरच कळतं. मास्तरांचं म्हणणं नेमकं उलट आहे.

५ ऑगस्ट

हिशेब: ३,०२० रुपये. वरचे २० माझे. फळी, वाटी, परात, लॅपटॉप घरचे. सगळ्यात जास्त वेळ नळ्या जुळवण्यात गेला; पुन्हा करायचं झालं तर एकच लांब बारीक नळी आणून तिचे दोन तुकडे करीन, म्हणजे भोक तरी एक राहील.

पेडणेकडच्या एका शाळेने मांडणी मागितली आहे. नेताना: मारियॉटचं बूच काढू नका, एम-सील फुटतं. शाईचं पाणी आठवड्याहून जास्त ठेवलं तर आत हिरवं धरतं आणि नळी पुन्हा तुंबते. काम झालं की साधं पाणी सोडा, मग शिरिंजने हवा मारून नळ्या सुकवा. फीडिंग ट्यूब गुंडाळताना घट्ट वळवू नका, घडी पडली की ती नळी गेली. जास्तीच्या दोन डब्यात ठेवल्या आहेत, त्या जुळवलेल्या नाहीत, लावण्याआधी मोजून कापाव्या लागतील.